कोरी नळी अजून माझ्या पोटात आहे

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या फळीवर, मोडक्या पंख्याशेजारी बसलेली मी एक जुनी पेटी आहे. माझ्या कपाळावर ‘बिघडलेली’ अशी चिठ्ठी डकवली आहे. ती चिठ्ठी खोटी आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण या प्रयोगशाळेत माझं ऐकून घेणारं आता कोणी उरलेलं नाही.

पाण्यात लपलेले रोगजंतू ओळखणं हे माझं काम. पाणी बारीक गाळणीतून गाळायचं, तिच्यावर अडकलेल्या जंतूंचा अंश इवल्या नळ्यांत भरायचा आणि नळ्या माझ्या पोटात ठेवायच्या. मी त्या तापवते, निववते, पुन्हा तापवते. विषमज्वराच्या जंतूचा अंश असला तर तो वाढत जातो आणि नळी चमकू लागते. एक नळी मुद्दाम शुद्ध पाण्याची ठेवतात. ती न चमकता कोरी राहिली, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे असं समजायचं.

इथे पाणी तपासणाऱ्या उनाइसीने मला पेटाऱ्यातून बाहेर काढलं तेव्हा मी कोरी करकरीत होते. आम्ही दोघींनी फिजीच्या किती नद्या, विहिरी आणि पुराची डबकी पालथी घातली! “माझी पेटी खोटं बोलत नाही,” असं ती साहेबांना ठणकावून सांगायची. मला गुदगुल्या व्हायच्या.

मग आम्ही तिच्या आजोळी गेलो. तिचे मामा, रातू नेमानी, त्या डोंगरगावाचे प्रमुख. त्यांच्या आईला जाऊन शंभर दिवस झाले होते, त्याचं मोठं जेवण होतं. चार गावांचे पाहुणे जमले होते. आजीने जन्मभर जपलेल्या गावच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला नवे संडास झाल्यामुळे उनाइसीला धास्ती वाटत होती. रीतीप्रमाणे तिने यंगोना या मानाच्या पेयाची मुळी मामांपुढे ठेवली आणि झरा तपासायची परवानगी मागितली. मामांनी टाळ्या वाजवून मुळी स्वीकारली. पण स्वीकारलेली मुळी कुटून, पाण्यात कालवून पाहुण्यांना पाजायची, हीसुद्धा रीतच! आणि पाणी त्याच झऱ्याचं.

मी चटईवर बसून ट्रकच्या बॅटरीवर काम करत होते. शेजारच्या लाकडी परातीत यंगोना तयार होती. मामांनी माझ्यासाठी सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं.

“काय गं, शिजलं का तुझ्या पेटीचं?” मामांनी विचारलं. “इथे आमचे घसे सुकले!”

“शहरात चार बुकं शिकली,” एक म्हातारा म्हणाला, “आता आजीच्या झऱ्याचा वास घेते!”

सगळे खदाखदा हसले. उनाइसी हसली नाही. झऱ्याच्या तिन्ही नळ्या चमकत होत्या. शुद्ध पाण्याची नळी कोरी होती. तिने ते नीट पाहिलं.

“मामा, जरा बाहेर येता?”

“बाहेर कशाला? माझ्या आईच्या पाण्याबद्दल जे बोलायचं ते इथे, चारचौघांत बोल.”

उनाइसीने सगळ्यांकडे पाहिलं. मग माझी वायर ओढली.

“काही नाही, मामा. पाणी ठीक आहे.”

नारळाच्या करवंटीतून यंगोना फिरू लागली. उनाइसीही प्यायली. माझा जीव तुटत होता, पण वायर नसताना मी काय बोलणार?

पुढे गावात ताप पसरला. लावेनिया मामी इस्पितळात गेल्या, त्या घरी परतल्याच नाहीत.

एके दिवशी मामा प्रयोगशाळेत आले. ते फार वाळले होते.

“त्या दिवशी तुझी पेटी ठीक म्हणाली होती ना गं?”

आता तरी ती खरं बोलेल, असं मला वाटलं.

“जुनी झालीय ती, मामा,” उनाइसी खाली बघत म्हणाली. “तिनेच फसवलं.”

मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “हिने नुसतं नाही म्हटलं असतं,” ते म्हणाले, “तर मी सगळ्यांसमोर परात उपडी केली असती.”

उनाइसी रडली. मला वाटलं, आता माझ्या वाट्याचा न्याय होईल. पण मामा गेल्यावर तिने स्वतःच्या हाताने ही चिठ्ठी माझ्या कपाळावर डकवली.

मित्रांनो, यंत्रांवरची धूळ जरूर पुसा, त्यांना ओल लागू देऊ नका. पण खरं सांगणाऱ्याचं तोंडही बंद करू नका. त्या दिवशीच्या नळ्या कोणी काढल्याच नाहीत. झऱ्याच्या तिन्ही नळ्यांशेजारी शुद्ध पाण्याची ती कोरी नळी अजून माझ्या पोटात आहे. कोणीतरी या, झाकण उघडा आणि एकदा बघा.