घोटीचा कोड

टेलिफोन खात्यातल्या निवृत्ती साहेबांनी डायलच्या भोकात बोट घातलं आणि शून्य फिरवलं. डायल खरखरत जागेवर येईपर्यंत ऑफिसातले सगळे तिच्याकडे बघत राहिले. नारळ फुटला होता, यंत्राला हार चढला होता, पेढे अजून झाकलेले होते. नाशिकहून घोटीला थेट लागणारा हा पहिला फोन. आजवर घोटी हवी असली की ट्रंक कॉल बुक करायचा आणि ऑपरेटरच्या मर्जीवर बसून राहायचं.

गावांचे एसटीडी कोड ठरवण्याचं शास्त्र साहेबांच्या हातात होतं. शहर मोठं तर कोड छोटा, गाव छोटं तर कोड मोठा. छोट्या गावाची आठवण काढणाऱ्याचं बोट जास्त झिजावं, अशी एकूण योजना. नकाशावर पेन्सिलीने वर्तुळ काढायचं, आसपासची गावं त्यात घ्यायची, जमेल तसं वर्तुळ वाढवायचं. घोटी मात्र दरवेळी पुढच्या टप्प्यात गेली. डोंगराळ भाग, असं साहेब बैठकीत म्हणाले. घोटीवरून हमरस्ता आणि रेल्वे दोन्ही जातात, हे कुणाला आठवलं नाही.

घोटी त्यांचं गाव. आई, ठमाबाई, तिथे एकटीच राहायची. बाजारच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून मल्हारीशेठच्या भातगिरणीत जाऊन बसे, कारण फोन तिथे होता. मी बुक करतो गं, लाइनच लागत नाही, असं साहेब दिवाळीला गेले की सांगून येत. बुक त्यांनी कधीच केला नव्हता. ट्रंक कॉल म्हटला की ऑपरेटर मध्ये ऐकणारच, आणि आईचं हाय-नाय हाताखालच्या माणसांनी ऐकावं, हे त्यांना नको होतं. आणि थेट लाइन आली असती, तर दिवाळीला सांगायला कारणच उरलं नसतं.

शेवटी वरूनच हुकूम आला आणि घोटीला कोड मिळाला. उद्घाटनाचा फोन पलीकडे, गिरणीत बसून, सरपंच घेणार होते.

"तिकडे सरपंच नाहीत हं, साहेब," ट्रंकच्या सुपरवायझर लताबाई हसत म्हणाल्या. "आईंना बसवलंय. तुम्हाला सांगितलं नव्हतं मुद्दाम."

साहेबांचं बोट शेवटच्या आकड्यात तसंच राहिलं. मग त्यांनी तो फिरवला. घंटी एकदाच वाजली.

"कोन, निवृत्ती?"

"हो. बोल."

"लय साफ येतंय रे. भिंतीपल्याडून बोलल्यावानी."

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "गिरनीतली मानसं इचारायची, पोराचा फोन कसा येत नाय. मी म्हनायचे, लाइन लागत नाय."

"हं."

"आता काय सांगू?"

साहेबांच्या भोवती हसरे चेहरे होते. लताबाईंनी पेढ्यांवरचं झाकण काढलं.

"काय म्हणतायत आई?"

साहेबांनी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. खोलीकडे पाठ केली.

"हॅलो," ते म्हणाले. "हॅलो? ऐकू येतंय का? हॅलो?"

पलीकडे तिने रिसीव्हर तोंडापासून लांब धरला असावा. गिरणीतल्या माणसांशी ती बोलत होती आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"बगा मल्हारीशेठ, मी म्हनत नव्हते? लाइनच लागत नाय."