डोळ्यात काय गेलं होतं

कुसळ गेलं होतं.

हे सुदर्शननं सांगितलं. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं त्याच्या बायकोला, पुनमला. पण तिची हनुवटी मशीनवर टेकवलेली. मागं स्टुलावर सुदर्शनची आई, चांगुणाबाई. देगलूरपासून एसटीनं सोबत आलेली.

"कशाचं कुसळ?"

"ज्वारीचं. गेल्या साली रास चालू होती तवा. डोळा लाल झाला, मेडिकलवरचे थेंब घातले. बरा झाला, पण फूल पडलं."

गावात फूलच म्हणतात. बुबुळावरचा पांढरा, ढगाळ ठिपका. गल्लीतली पोरं पुनमला फूलवाली म्हणतात. ती चप्पल घेऊन त्यांच्या मागं पळते, आणि डावीकडून येणारी मोटारसायकल तिला दिसत नाही.

"डाग वरवरचा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लेसरनं वरचा थर उडवता येईल. केसाहून पातळ थर. खोल असता तर बुबुळच बदलावं लागलं असतं. उद्या करून टाकू."

सुदर्शननं आईकडं बघितलं. आईनं जमिनीकडं.

*

कुसळ गेलं होतं आणि ते काढलं.

"कुणी काढलं?"

"निघालं आपसूक," सुदर्शन घाईनं म्हणाला.

आपसूक नाही. राशीच्या दिवसांत अख्ख्या शिवाराचं कुसळ चांगुणाबाई काढायची. पापणी उलटी करायची, वर बघ म्हणायचं, जिभेचा शेंडा एकदा फिरवायचा आणि थुंकायचं. बिदरकडचा चंद्रप्पा सावकारसुद्धा जीप घेऊन आला होता तिच्याकडं. पुनम नवी नवरी असताना मैत्रिणींना फोनवर सांगायची, "माझ्या सासूची जीभ लई तेज हाय बाई. पण डोळ्यातच चालती, घरात न्हाई."

गेल्या सालापासून चांगुणाबाई आलेल्या माणसाला परत पाठवते. दात गेले, म्हणते. जीभ जड झाली, म्हणते.

*

कुसळ गेलं होतं आणि ते म्या —

"आधी कधी ओठावर, तोंडावर पाण्याचे फोड आले होते?" डॉक्टरीणबाई पुनमला विचारत होत्या.

"न्हाई."

"ताप येऊन गेल्यावर येतात तसे?"

"मला न्हाई आले कधी."

"ठीक. विचारावं लागतं. त्या फोडांचा विषाणू डोळ्यात गेला की असाच डाग पडतो. वरून जखम भरते, तो मात्र आत झोपून राहतो. त्यावर तसंच लेसर मारलं तर जागा होतो. मग आहे तीही नजर जायची." त्यांनी सिस्टरला खूण केली. "बधिर करायचे थेंब घाला, पुढच्या तपासण्या करू."

सिस्टरनं बाटलीचं झाकण काढलं.

चांगुणाबाईचा हात आपोआप ओठावर गेला. खालचा ओठ, उजवा कोपरा. तिथं आता काहीच नव्हतं.

सिस्टरनं पुनमची पापणी खाली ओढली.

"थांब, बाई."

आवाज एवढा मोठा निघाला की दारातल्या रांगेतली माणसं वाकून बघायला लागली.

"माय, तू गप," सुदर्शन म्हणाला.

*

कुसळ गेलं होतं आणि ते म्या काढलं. जिभेनं. ओठावर फोड आल्ते तवा.

तिनं हे असंच, तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. हिवताप होऊन गेला होता. फोड ठणकून राहिले होते. खळ्यावर सगळे बघत होते. शेजारचा बसवराज म्हणाला, काकू, सगळ्या जगाचं काढता आन् सुनेचं न्हाई का? ती नाही म्हणू शकली असती. मडक्यातलं पाणी होतं, डोळा धुता आला असता. पण खळ्यावर सगळे बघत होते.

हे शेवटचं वाक्य तिनं दोनदा म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी थेंबांची बाटली बाजूला ठेवायला लावली. कापसाचा एक धागा वळला. पुनमच्या उजव्या बुबुळाला टोक लावलं. डोळा झटकन मिटला. डाव्याला लावलं.

डावा उघडाच राहिला.

"बधिर झालाय," त्या म्हणाल्या. "हा विषाणू बुबुळ बधिर करतो. तोच असणार. उद्या लेसर नाही. आधी गोळ्या. डोळा काही महिने शांत राहिला तरच."

पुनमनं हनुवटी उचलली. वळली. सासूकडं बघितलं. औषधांची पिशवी घ्यायला चांगुणाबाईनं हात पुढं केला. पुनमनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

बाहेर पायऱ्यांवर सुदर्शन म्हणाला, "आम्ही झाकून राहिलो होतो ना तुला? चारचौघांत कशाला?"

"तिचा डोळा गेला असता."

"तुझ्यामुळंच —" तो तिथंच थांबला.

थांबला नसता तर तिला बरं वाटलं असतं.

*

लेसर झालं ते सोयाबीन निघाल्यावर.

पुनमनं नंतर सांगितलं: दुखलं नाही. वर एक दिवा होता, त्याच्याकडं बघत राहायचं. टिक टिक आवाज, आणि केस जळाल्यासारखा वास. नंतरचे तीन-चार दिवस मात्र डोळ्यात कुणी तिखट कोंबल्यासारखं. त्या दिवसांत भाकरी चांगुणाबाईनं केली, धुणं धुतलं, पुनमचं ताट तिच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी ठेवलं. आत गेली नाही. पुनमनं आत बोलावलंही नाही.

पुढच्या तपासणीला पुनमनं तक्ता वाचला. वरच्या चार ओळी. पाचवीला अडखळली.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडा धुरकटपणा राहील. गोळ्या बंद करायच्या नाहीत. विषाणू नसेत राहतो, कायमचा. ताप आला, ऊन लागलं, तर परत उठू शकतो. डोळा लाल झाला की त्याच दिवशी यायचं."

"कायमचा?" चांगुणाबाईनं विचारलं. "माझाच हाय का तो?"

"सांगता येत नाही, मावशी. खूप जणांच्या अंगात लहानपणापासूनच असतो. तिच्यातही असेल. तुमच्याकडून आला असेल. आता कळायला मार्ग नाही."

चांगुणाबाईला हो पाहिजे होतं. किंवा मग सरळ ‘नाही’. ती तशीच उभी राहिली, जणू डॉक्टरीणबाई अजून काही बोलणार आहेत.

"ऱ्हाऊ द्या हो आत्या," पुनम म्हणाली. तिकडं सुना सासूला आत्या म्हणतात. "सासूचं कायतरी सुनेत उतरतंच. माझ्यात नेमकं हे उतरलं."

सुदर्शन हसला. डॉक्टरीणबाई हसल्या. पुनम स्वतः हसली नाही. उजव्या डोळ्यावर तळवा ठेवून ती डाव्या डोळ्यानं सासूचा चेहरा बघत होती, कपाळापासून खाली, तक्त्यासारखा, ओळीनं.

"हसा की आत्या. दिसून राहिलंय मला."

चांगुणाबाई हसली. ओठ मिटूनच.