शेवटच्या वळणावरची खाकी

दस्तगीर गाडी चालवायला शिकला, त्याच दिवशी त्याच्या आईनं, सुलतानबीनं, त्याला दारात उभं करून बजावलं होतं, "खाकी दिसली की थांबायचं. इंजन बंद. दोन्ही हात स्टेअरिंगवर, त्यांना दिसतील असे. 'जा' म्हणेपर्यंत हालायचं न्हाई. समजलं का?"

तिच्या सासऱ्याचे वडील निजामाच्या घोडदळातले हबशी, आफ्रिकेतून आलेले. तीन पिढ्या नांदेडजवळच्या कंधारात गेल्या, सगळ्यांच्या कबरी इथंच. तरी पोराचा काळाकुट्ट रंग आणि लोकरीसारखे केस बघून जो तो विचारणार, "कुठल्या देशाचा रे तू?" बाजारात हे हसून सोडून देता येतं. पोलिसांच्या नाक्यावर कसं सोडणार? दस्तगीरच्या बापानं एकदा नाक्यावर खिशात हात घातला, तर पोलिसांनी इतकं मारलं, की मरेपर्यंत त्याला डाव्या कानानं ऐकू आलं नाही. आणि खिशात काय होतं? लायसन! आग लागो असल्या कायद्याला.

पोरगा धम्मानंदच्या गॅरेजात कामाला लागला आणि त्याला शर्यतीचं वेड लागलं. दोघांनी मिळून एक भंगारातली गाडी शर्यतीची केली. "अम्मा, हेल्मेट घातलं की माझं तोंड दिसत न्हाई कुणाला," तो म्हणायचा. "मग मी नुसता ड्रायव्हर असतो." हे ऐकून तिला हसावं की रडावं कळायचं नाही.

आज लातूरजवळच्या माळावर शर्यत होती. पहिल्या येणाऱ्याला पुण्याच्या संघात जागा मिळणार होती. पगारी ड्रायव्हर! सुलतानबी हट्टानं सोबत निघाली. गाडी टेम्पोवर चढवलेली, टेम्पो दस्तगीर चालवत होता, शेजारी धम्मानंद, मागं ती. वाटेत नाक्यावर काठी आडवी आलीच.

"पासपोर्ट काढ," हवालदार म्हणाला.

"साहेब, कंधारचा हाव मी."

"मराठी लई झकास शिकलास की रे! अन् ही गाडी कुणाची उचलली?"

"माझी हाय ती," धम्मानंद म्हणाला. "गॅरेज हाय माझं."

"माझं लेकरू हाय ते!" सुलतानबी मागून ओरडली. हवालदारानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सगळा टेम्पो उचकून बघितला, दस्तगीरच्या केसांना हात लावून हसला, मग म्हणाला, "जा." तोवर पोराचे हात स्टेअरिंगवरून हलले नव्हते.

माळावर एकेक गाडी सोडत होते, घड्याळ लावून. दस्तगीरची गाडी सुटली आणि धुळीचा लोटच उठला. भोंग्यावरचा माणूस ओरडायला लागला, "कंधारचा दस्तगीर घड्याळात सगळ्यांच्या पुढं!" कंधारचा! सुलतानबीनं ओढणी तोंडात धरली. धम्मानंद तर नाचायलाच लागला.

शेवटच्या वळणावर माणसं दोरी ढकलून पुढं आली होती. बंदोबस्तावरच्या शिपायानं त्यांना मागं सारायला हात वर केला, काठी आडवी धरली.

गाडी थांबली.

इंजिन बंद झालं. धम्मानंदला वाटलं, बिघाड झाला. लोक हसायला लागले, कुणी शिट्या मारल्या. शिपायाचं गाडीकडं लक्षसुद्धा नव्हतं, त्याची पाठ होती तिकडं. सुलतानबीला मात्र दुरूनच दिसलं, हेल्मेट ताठ समोर, दोन्ही हात स्टेअरिंगवर.

ती दोरीखालून वाकून पळत सुटली. आडवं येणाऱ्याला तिनं कोपरानं ढकललं. खिडकीशी पोचली तेव्हा हेल्मेटच्या आत पोराचे डोळे वाहत होते. शिपायानं आपल्याला थांबवलंच नव्हतं, हे त्यालाही कळलं होतं, तरी बोटं सुटत नव्हती.

"अम्मा," तो म्हणाला, "त्यांनी अजून 'जा' म्हटलं न्हाई."

हे तिनंच शिकवलं होतं, जीव वाचावा म्हणून. तिनं त्याच्या थंडगार बोटांवर हात ठेवला.

"जा बेटा," ती म्हणाली. "मी म्हणते ना. जा."