आखूड पट्ट्याचा नमुना

कुणीतरी मला फसवलंय. कुणी, ते अजून उमगलेलं नाही. पण इतकी वर्षं 'नमुना, नमुना' म्हणत मला खुंटीवर टांगून ठेवलं आणि त्या शब्दाचा अर्थ काही धड सांगितला नाही. मला बघून शिकायचं, की मला बघून हसायचं?

मी सॅक बोलतेय. ताडपत्रीची, या दुकानातली सगळ्यांत पहिली. माझा उजवा पट्टा डाव्यापेक्षा आखूड आहे. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. बाबांना डोंगरांचं वेड आणि आईच्या हाताला शिवणाचं. अख्खं दुकान त्यांना आई-बाबाच म्हणतं, म्हणून मीही म्हणते. एका फाटक्या तंबूच्या ताडपत्रीतून आईनं मला बेतलं, माप बाबांच्याच पाठीवर घेतलं. तेव्हाचं फारसं आठवत नाही. सुईनं जीव नकोसा केला होता. फक्त एक चिमुकली टाच माझ्या डाव्या कुशीत सारखी बसत होती, एवढं आठवतं. कुणाची, कशाला, देव जाणे.

बाबा मला घेऊन डोंगरावर गेले. थोडे तिरकेच चालत होते, पण बायकोनं शिवलेल्या सॅकला नाव ठेवायची त्यांची छाती नव्हती. सोबती म्हणाले, "आम्हालाही अश्शीच हवी." 'अश्शीच' हा शब्द आईनं फार मनावर घेतला. पुढची सॅक माझ्यावरून बेतली, तिच्या पुढचीही. टेबल पुरेना, तेव्हा रस्त्यावरची एक खोली घेतली. मग वरची, मग शेजारची. तंबू आले, बूट आले, बर्फातली जाकिटं आली. माणसं ती जाकिटं घालून आरशासमोर ऐटीत उभी राहतात आणि मग विचारतात, "वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट कुठंय?" यांना नेमका कुठला डोंगर चढायचा असतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

आणि प्रत्येक सॅकचा उजवा पट्टा आखूडच! गिऱ्हाइकं त्यातही शहाणपण शोधायची. एक म्हणे, उजवा हात मोकळा राहावा म्हणून. दुसरा म्हणे, चढावर तोल सांभाळायला. बाबा गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचे. आईला विचारलं, तर ती म्हणायची, "उजवा आखूड नाहीये, डावा लांब आहे." सगळे हसायचे. मीही हसले असते, पण हसू नेमकं कुणाचं होत होतं?

बाबा गेले. आता कापड बेतायच्या टेबलावर त्यांची मोठी मुलगी असते आणि दुकान तिचा धाकटा भाऊ बघतो. परवा त्यानं मला खुंटीवरून काढून काउंटरवर आपटलं.

"ताई, बास झालं. लोकांचे खांदे दुखतात. हिचा पट्टा उसवून सारखा करतो, काचेच्या पेटीत ठेवतो आणि यापुढं सगळ्या सॅका सरळ."

"सरळ कर ना, नको कोण म्हणतंय? पण हिला हात लावू नकोस. आईनं असं का केलं ते तर कळू दे."

"चुकलं असेल! चुकू नये का आईचं?"

"मी इथंच बसलेय," कोपऱ्यातल्या खुर्चीतून आई म्हणाली.

धाकट्यानं कात्री उचलली. माझं मलाच कळेना. दुखऱ्या खांद्यांची मला लाज वाटत होती, हे खरं. पण पट्टा गेल्यावर जी उरेल, ती मीच असेन का?

तेवढ्यात एक बाई आल्या. कडेवर मूल. "जरा बघते हं," म्हणत त्यांनी थेट मलाच उचललं. "खाली उतरत नाही हो हा मेला, म्हणून पाठीवरचं काहीतरी हवंय." आधी उजवा पट्टा चढवला, मग मुलाला या हातातून त्या हातात करत डावा. मूल डाव्या कडेवर परत बसलं आणि त्याची टाच माझ्या कुशीत बसली.

मी त्यांच्या पाठीवर सरळ होते. जन्मात पहिल्यांदा.

आई खुर्चीतून उठली. "अगं बाई! ताई, तू अशीच होतीस. माप घेताना बाबांच्या कडेवरून उतरायलाच तयार नव्हतीस. मी आपलं तशाच तिरक्या खांद्यांवर माप घेतलं... कशी विसरले गं मी?"

ताईनं भावाच्या हातातली कात्री काढून घेतली. तो नुसता त्या टाचेकडे बघत राहिला. मग भानावर येऊन म्हणाला, "बाई, ती विकायची नाहीये. नमुना आहे तो."

"असू दे की," पट्टा खांद्यावर नीट करत बाई म्हणाल्या. "आमच्या घरी मलाही नमुनाच म्हणतात."