सूर्यभानबाबांचा खडस

लोक माझ्याकडे मासे का आणतात, याचं उत्तर सोपं आहे. आलेल्या पहिल्या माणसाला मी हाकलून दिलं नाही.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. संगमनेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. एक जण बादलीत वाम घेऊन आला. हा साप की मासा, यावरून दोघा भावांची जुंपली होती. मी कागदावर ‘हा वाम आहे, मासा आहे, साप नाही’ असं लिहून खाली सही ठोकली. ती चिठ्ठी बहुतेक अख्ख्या तालुक्यात फिरली असावी. तेव्हापासून प्रवरेकाठी गळ टाकून बसणाऱ्या कुणाला काही वेगळं लागलं, की तो एसटी धरून माझ्या दारात हजर. कधी मांगूर, कधी कुणाच्या काचेच्या पेटीतून नदीत सुटलेला शोभेचा मासा, तर कधी बाटलीत बेडकाची पिल्लं आणि वर ‘सर, ही नवीन जात वाटते.’ मी बघायचो, चिठ्ठी लिहायचो, चहा पाजायचो. तेरा वर्षांत माझे किती रविवार असे गेले, हे यशोधरा, माझी बायको, जास्त चांगलं सांगेल.

एक मात्र पाळलं होतं. न बघता किंवा कुणाच्या समाधानासाठी मी कधी नाव लिहिलं नाही. ओळखता आला नाही तर ‘ओळखता आला नाही’ असंच लिहिलं. या धंद्यात माझी कमाई म्हणाल तर एवढीच.

कोल्हारचे सूर्यभानबाबा मात्र हात हलवतच यायचे. त्यांची शेती मुलं बघत होती आणि ते रोज पहाटे पुलाखालच्या डोहावर गळ टाकून बसायचे. एकसष्ट साली तिथंच त्यांच्या गळाला खडस लागला होता म्हणे. खडस म्हणजे जाड ओठांचा, चार मिशांचा, रुपयाएवढ्या खवल्यांचा मासा. पुस्तकात त्याला महसीर म्हणतात. तो दोरी तोडून गेला आणि बाबांच्या डोक्यात जाऊन बसला. तो अजून डोहात आहे, मी त्याचं शेपूट बघितलंय, असं ते पस्तीस वर्षं सांगत होते. गाव हसत होतं.

त्या हसण्याला मीही हातभार लावला. सहा वर्षं नदीकाठची गावं पालथी घातली, जाळी टाकणाऱ्यांना विचारलं, बाजार बघितले. शेवटी चौऱ्याण्णव साली नगरच्या एका पेपरात लिहून टाकलं की या भागातल्या प्रवरेत खडस आता उरलेला नाही. कोल्हारच्या स्टँडजवळ कारभारीचं चहाचं हॉटेल आहे. त्यानं ते कात्रण गल्ल्याच्या वर, साईबाबांच्या तसबिरीखाली चिकटवलं. बाबा चहाला आले की तो म्हणायचा, “बाबा, वाचून दावू का?” बाबांना वाचता येत नव्हतं.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये, भर दुपारी एक वाजता, बाबा माझ्या दारात उभे राहिले. या खेपेला हातात ॲल्युमिनियमचा मोठा डबा होता. टोपी घामानं भिजली होती.

“घावला, सर,” ते म्हणाले. “पस्तीस वर्सांनी घावला.”

माझ्यासमोर तीनशे वीस उत्तरपत्रिकांचा ढीग होता. सकाळपासून मी बेडकाचं हृदय तपासत होतो, कुणी त्याला दोन कप्पे दिले होते, कुणी पाच. डोळे चुरचुरत होते, पंखा नुसताच आवाज करत होता. तरी मी उठलो. बाबांनी डब्याचं झाकण उघडलं, कर्दळीचं पान बाजूला केलं आणि मी बघतच राहिलो. आत तुकडे होते. खवलं काढलेले, पर छाटलेले, स्वच्छ धुतलेले, वरून हळद-मीठ चोळलेले तुकडे.

“बाबा, हे काय केलंत?”

“मनकर्णानं केलं,” बाबा कौतुकानं म्हणाले. मनकर्णा म्हणजे त्यांची बायको. “उनाचं नासलं असतं की. आन सरांच्या घरी कच्चा, वासाचा मासा कसा द्यायचा? बाईंना तरास.”

“अहो, पण मी ओळखू कशावरून? खवलं कुठायत?”

“उकिरड्यावर. कोंबड्यांनी इस्कटली असत्याल.”

“मिशा होत्या का?”

“चार! मोजल्या म्या. मनकर्णानं कापल्या. मिशासगट कसं द्यायचं, सर?”

आता हसावं की रडावं! ज्या ज्या खुणेवरून मासा ओळखायचा, ती प्रत्येक खूण त्या माउलीनं माझ्या मानापोटी कापून टाकली होती. आमच्याकडे पाहुण्याच्या घरी द्यायची वस्तू अशीच निवडून-टिपून देतात. कोथिंबिरीची जुडीसुद्धा मुळं काढून देतात. मी तेरा वर्षं चहा पाजला, पण मासा न कापता आणा, एवढं सांगायचं मला सुचलं नव्हतं.

मी वरचे दोन तुकडे उलटे-पालटे केले. मासा मोठा, चार-पाच किलोचा असणार. चार मिशा सायप्रिनसलाही असतात. सायप्रिनस म्हणजे तळ्यात सोडतात तो परदेशी मासा. कुठलं तरी तळं फुटतं आणि तो नदीत येतो. मागच्या दोन वर्षांत ‘खडस घावला’ म्हणून माझ्याकडे आलेले चारही मासे सायप्रिनसच निघाले होते.

“सायप्रिनस आहे, बाबा.”

त्यांनी डब्यात वाकून बघितलं. मग हळूच म्हणाले, “डोकं बी हाय, सर. खाली. दोन फोडी केल्यात.”

खाली हात घालायचा, डोकं काढायचं, हात धुवायचे आणि परत त्या बेडकांकडे जायचं. मला कंटाळा आला. खरं सांगायचं तर एवढंच. त्यात दुष्टावा नव्हता, घाईसुद्धा नव्हती, नुसता कंटाळा. आणि मनात कुठंतरी ते कात्रणही असेल. आपलंच लिहिलेलं खोटं ठरवायला कोण उठून हात घालतो?

“गरज नाही,” मी म्हणालो आणि चिठ्ठी लिहिली. वाचूनही दाखवली.

“नीट बगितलं न्हवं, सर? कारभारी म्हनलाय, सरांची चिठ्ठी आन, मग मानू. समदं गाव हॉटेलात बसलंय.”

“बघितलं,” मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठी टोपीच्या घडीत ठेवली. डबा रिकामा करून मागितला नाही, पाणीही घेतलं नाही. जाताना म्हणाले, “तुमी म्हनता तर तसंच आसंल. आपलं डोळं म्हातारं झालं.”

यशोधरानं बरेचसे तुकडे शेजारी वाटले आणि उरलेल्यांचा रात्रीच्या जेवणाला रस्सा केला. बाजरीची भाकरी, कांदा आणि डोक्याची एक फोड माझ्या ताटात. मासा गोड होता. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी टोचलं. काढून बघितलं तर घशाचं हाड.

या जातीच्या माशांना जबड्यात दात नसतात, घशात असतात. पंधरा वर्षं मी हे फळ्यावर काढून शिकवत होतो. सायप्रिनसचे दात चपटे, आपल्या दाढांसारखे. माझ्या बोटांत होते ते टोकदार होते, पुढं वाकलेले. मी उठून नळाखाली हाड धुतलं आणि टेबलावरचं भिंग आणलं. तीन ओळी. पाच, तीन, दोन.

“काय झालं? काटा लागला का?” यशोधरानं विचारलं.

“खडस आहे,” मी म्हणालो.

तिनं माझ्या ताटाकडे बघितलं, मग पातेल्याकडे. पातेल्यात दोन तुकडे उरले होते.

“आणि दुपारी त्या म्हाताऱ्याला काय सांगितलंत?”

मी सांगितलं. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, “उन्हातान्हाचा आला होता बिचारा. हात घालायचा होता की हो एकदा डब्यात.”

दुसऱ्याच दिवशी कोल्हारला जायला हवं होतं, पण पेपर संपवायचे होते, असं मी स्वतःला सांगत राहिलो. ते हाड फोटोच्या रोलच्या रिकाम्या डबीत कापूस घालून ठेवलं होतं. रोज डबी उघडायची, दात मोजायचे, परत बंद करायची. शेवटी रविवारी पहिली एसटी धरली.

कोल्हारला उतरलो तर कारभारी गल्ल्यावरच होता. माझ्या कात्रणाशेजारी आता माझी चिठ्ठीही चिकटवलेली होती. बाकड्यांवर आठ-दहा माणसं होती. मी चहासुद्धा सांगितला नाही.

“कारभारी, ती चिठ्ठी काढा. चुकीची आहे. बाबांचा मासा खडसच होता.”

बाकड्यांवरचे सगळे माझ्याकडे वळले. मग कारभारीनं विचारलं, “आन हे कवा कळलं, सर?”

“जेवताना.”

हॉटेल खदाखदा हसलं. “मंजी खाल्ल्या मिठाला जागला म्हना की!” कारभारी डोळे पुसत म्हणाला. “आमाला न्हाई बा ठावं, मासा खाल्ल्यावं जात बदलती.”

मी डबी उघडून दात दाखवले. ते बघून एक जण म्हणाला, शेळीचे असतील. तेरा वर्षं ज्या चिठ्ठ्यांवर हा नदीकाठ भांडणं मिटवत होता, त्यांची किंमत एका रश्श्यानं गेली. मला राग आला, पण तो कारभारीवर काढण्यात अर्थ नव्हता. त्यानं मला डबा न उपसता चिठ्ठी लिहायला सांगितलं नव्हतं.

बाबांचं घर मळ्यात होतं. ते ओट्यावर बसले होते, मोकळ्या हातांनी. अंगणात दोडक्याचा वेल नुकताच वर चढवला होता आणि त्याला आधार म्हणून रोवली होती बाबांची गळाची काठी. मी ती लगेच ओळखली. खडस शोधत फिरताना डोहावर तिच्याशेजारी मी कितीतरी सकाळी बसलो होतो.

“काठी अशी का लावली?” मी विचारलं.

“तिला तरी काय काम ऱ्हायलं,” पाणी आणता आणता मनकर्णाबाई म्हणाल्या. “चिठ्ठी आनली त्या दिसापून हे पहाटंचं उटलंच न्हाईत. गावात जाऊन सोताच सांगून आले, म्या पस्तीस वरीस येडा हुतो म्हनून.”

पाणी मी तसंच बाजूला ठेवलं. मी डबी उघडून बाबांच्या तळहातावर हाड ठेवलं.

“मी डबा नीट बघितलाच नव्हता, बाबा. बघितला असं खोटं सांगितलं. हे त्याचे दात. तुमचा मासा खडस होता. चूक माझी आहे.”

बाबांनी हाड बोटानं चाचपलं. दातांच्या टोकांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. त्यासाठीच तर आलो होतो.

“मंजी हुता,” ते म्हणाले.

“होता.”

“आन म्या मारला.”

मनकर्णाबाई दारातच थबकल्या होत्या. बाबांनी विचारलं, “आजून असत्याल का, सर? तुमी लई फिरलाय.”

“माहीत नाही.” मग मला वाटलं, निदान आज तरी खरं सांगावं. “मला सहा वर्षांत एकही दिसला नाही.”

त्यांनी मान हलवली. हाड परत डबीत घातलं, झाकण नीट लावलं आणि डबी माझ्या हातात दिली.

“सर, ती चिठ्ठी हाय तशीच ऱ्हाऊ द्या.”

“अहो, पण लोक तुम्हाला वेडा म्हणतायत.”

“पस्तीस वरीस म्हनत्यात. त्याची सवं झाली.” ते काठीकडे बघत होते. “ह्यो सायप्रिनस आसंल, तर माजा खडस आजून डोहात हाय. तुमी ह्याला खडस केला, तर तितं काय ऱ्हायलं? सांगा की. उद्या पहाटं उटून म्या कुटं जायाचं?”

मी डबी खिशात टाकली. त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं. तरी एकमेकांकडे बघायची दोघांनाही हिंमत झाली नाही.

“मनकर्णे,” बाबा म्हणाले, “दोडक्याला दुसरी काठी बग.”

परतीची एसटी यायला वेळ होता. स्टँडवर बसायला दुसरी सावली नव्हती, म्हणून हॉटेलातच गेलो. मघाची माणसं तिथंच होती. कारभारीनं चिठ्ठी काढली नव्हती, पण त्याचा एक हात तिच्याजवळ होता. मघापेक्षा हळू आवाजात त्यानं विचारलं, “मग, सर? काय समजायचं आमी? काढू का?”

“राहू द्या. मघाशी मी चुकलो,” मी म्हणालो. “सायप्रिनसच होता.”