हळदीकुंकू लागलेली चटई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. थांबा, पान उलटू नका! बसायची किंवा झोपायची चटई नव्हे मी. माझ्यावर उभं राहायचं असतं. माझ्या पोटात तारांचं जाळं आहे. कोणता पाय किती भार पेलतो ते मला कळतं, आणि मी ते मोबाइलमधून थेट यवतमाळच्या अनघा मॅडमना कळवते. त्या व्यायामाच्या डॉक्टर. घर नेरजवळच्या खेड्यात, डॉक्टर यवतमाळात आणि मधली निरोपी मी!

कारखान्यात मला लोखंडी पायांनी तुडवून तुडवून पाहिलं होतं. जन्मभर हेच का नशिबी, असं वाटायचं. मग मी त्या खेड्यात, निकिता नावाच्या मुलीच्या घरी आले.

निकिताची आजी, विमलताई, अंगणात घसरून पडली होती. खुब्याचं हाड जुळलं, पण डाव्या पायावरचा भरवसा उडाला. घरचे प्रेमाने म्हणत, "तू बस, माय. हालू नको." पाणी हातात, ताट हातात. बसून बसून पायांच्या काड्या झाल्या.

आजीचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. सीतादही! वेचणीच्या आधी कपाशीच्या झाडाला दहीभाताचा निवद दाखवतात ना, ती. लग्न होऊन आल्यापासून तो मान तिचा. त्या वर्षी बोंडांत गुलाबी अळी पडली होती. लोक म्हणत, यंदा कायची सीतादही? आजी म्हणे, "वाईट सालीच तर करा लागते. अन् मी माह्या पायानं वावरात जाईन. मले उचलून नेऊ नोका."

मग भिंतीला धरून ती रोज माझ्यावर उभी राहू लागली. डावा पाय आधी पिसासारखा हलका लागायचा. हळूहळू तो जड होऊ लागला. त्याच्यावर पुरेसा भार पडून मोबाइलवर हिरवा दिवा लागला की निकिता घर डोक्यावर घ्यायची.

एवढ्यात दसरा आला. विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, सगळ्यांची पूजा मांडली. आजीने मलाही रांगेत बसवलं. हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल! काय फुगले मी! पण दुसऱ्या सकाळी निकिताने मला अंथरलं, तर आजीने पाय मागे घेतला.

"पुजलेल्या वस्तूले पाय लावू? पाप लागन."

झालं! माझी गुंडाळी देवघराखाली गेली. मान मिळाला आणि काम गेलं. आजी पुन्हा खाटेवर. पाय पुन्हा आखडू लागला.

अनघा मॅडम विचारतील म्हणून निकिताचे आबा, म्हणजे आजीचे नवरे मारोतराव, यांनी शक्कल काढली. गुपचूप स्वतःच माझ्यावर उभे राहिले! संध्याकाळी मोबाइलवर मॅडमचा व्हिडिओ कॉल आला.

"आजी, एकदम वीस किलो वजन वाढलं? काय खाता तरी काय?"

निकिता हसून हसून लोळली. आबा पुटपुटले, "दसऱ्याच्या पुऱ्या अंगी लागल्या असन."

"आबा, तुम्ही उतरा खाली! आजींचा पाय आता थांबला तर वावरात जाणं विसरा."

आजी म्हणाली, "अन् देव कोपला मंग?"

आबा म्हणाले, "अवं, पोळ्याले बैल पुजतो अन् मंग त्याच्याच मानेवर जू ठेवतो ना? तवा नाही कोपत?"

"जू ठेवाच्या आधी पाया पडतो आपण त्याच्या."

"मंग हिच्या पड!"

आजी खाटेवरून उठली. मग निकिताचा खांदा धरून ती वाकली, वाकली, आणि तिची बोटं मला लागली. ती कपाळी लावून उठते तोच मॅडम ओरडल्या, "आजी! एवढं वाकता आलं तुम्हाला? माझ्या सांगण्यावरून तर कधीच वाकला नाहीत!"

त्यानंतर रोज आधी नमस्कार, मग पाय.

सीतादहीच्या दिवशी मी घरीच होते. सारं लक्ष दाराकडे. दुपारी आजी आली आणि वावरातल्या पायांनीच माझ्यावर उभी राहिली. भिंत न धरता! काळ्या मातीचे दोन ठसे उमटले. दोन्ही पाय मला सारखेच जड लागले.

"लय बोंडं किडकी हायेत वं, निकिता," ती म्हणाली. "पण निवद मीच दाखवला."

आता माझी एक तार तुटली आहे. मी कोठीमागे गुंडाळून पडले आहे. हळदीचा डाग मात्र अजून आहे. मित्रांनो, ती तार जोडा आणि मला दुसऱ्या एखाद्या आजीकडे पाठवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पाया जरूर पडा, पण मग त्यांना हात द्या, उठवा, चालू द्या. पुजून कोपऱ्यात ठेवलं की काय होतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक!