तुळईखालची कॉट

"गादी खाली ठेवा, मावशी."

ज्योत्स्ना हे हळूच म्हणाली, पण हॉस्टेलच्या चतुराबाईंच्या हातातली गादी अधांतरीच थांबली. भिंतीकडच्या कॉटवरची ज्योत्स्नाच्या लेकीची, दीक्षाची गादी उचलायची आणि दाराजवळच्या कॉटवर टाकायची, एवढंच तर काम होतं. असली कामं त्या दर जूनमध्ये चुटकीसरशी उरकत. आजवर कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

"काहून वो?" त्यांनी विचारलं.

"ते कॉट दीक्षानं सकाळीच घेतली हाये म्हणून."

खोलीत तीन कॉट होत्या. खिडकीखालची कॉट अकोल्याच्या आकांक्षाने आदल्याच दिवशी पकडली होती. पोरगी हुशार, चादर अंथरून, वर पुस्तकं रचून ती कॉलेजात निघूनही गेली होती. भिंतीकडची दीक्षाने घेतली. राहिली ती दाराजवळची, आणि तिच्यावरून उशीपासून पायथ्यापर्यंत सिमेंटची जाडजूड तुळई गेली होती. तुळईखाली झोपू नये, अंगावर भार येतो, दुखणं पाठीस लागतं, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कॉट जरा अलीकडे ओढावी म्हटलं तर दार अडत होतं. बांधणाऱ्याने सगळ्या खोल्या अशाच बांधून ठेवल्या होत्या आणि निस्तरायला चतुराबाईंना ठेवलं होतं.

दारात अकोटकडच्या पार्वताबाई उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे त्यांची मुलगी पौर्णिमा, खांद्यावर बॅग आणि काखेत गादीची वळकटी घेऊन. आल्यापासून पार्वताबाईंनी उंबरा ओलांडला नव्हता. ज्योत्स्नाने पाण्याचा ग्लास पुढे केला, तर "आत्ताच पेलं" म्हणून त्यांनी हसून परत केला होता.

"या बाईच्या पोट्टीले तुळईखाली चालत नाई म्हणतेत," चतुराबाई समजुतीने म्हणाल्या. "आपल्या दीक्षाले काय होते? आपल्यात कुठं पाळतेत असलं काई?"

"हाव ना," पार्वताबाईंनी शब्द लगेच उचलून धरला. "तुमच्यात नसते ना बाई ते. तुमाले काय फरक पडते?"

ज्योत्स्नाच्या कानशिलांत गरम झालं. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. वीसेक वर्षांपूर्वी याच हॉस्टेलात, अशाच एका खोलीत, याच चतुराबाईंनी तिची वळकटी तुळईखाली नेऊन ठेवली होती. तेव्हा ज्योत्स्नाला राग आला नव्हता. उलट छाती फुगली होती. बाबासाहेबांनी आपल्याला या भानगडीतून मोकळं केलं, मग आपण भ्यायचं कशाला? ती खुशाल झोपली. वर्षभर तिला काही झालंही नाही. दाराची उघडझाप तेवढी डोक्याशी, रात्री उठणारी प्रत्येक पोरगी तिच्या पायाला धडकून जायची आणि व्हरांड्यातला दिवा थेट डोळ्यांवर. परीक्षेच्या सुमारास मात्र ती डबे धुवायला नळावर जमलेल्या पोरींशी बोलत होती, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की प्रत्येक खोलीत तुळईखाली आपलीच पोरगी आहे. एकही खोली सुटली नव्हती. त्या दिवसापासून तिची झोप बिघडली, आणि हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आता ती चांदूर रेल्वेजवळच्या उपकेंद्रात नर्स होती. अडलेल्या बायका, रडणारी पोरं, दारू पिऊन आलेले नवरे, सगळ्यांशी ती बेधडक बोले. इथे मात्र जीभ अडखळत होती. नको म्हणावं तर लोक म्हणणार, बघा, आतून हीसुद्धा मानतेच. चालेल म्हणावं तर पुन्हा तीच कॉट, आणि या वेळी पोरीची.

"जाऊ दे ना मम्मी," दीक्षा कंटाळून म्हणाली. "मले काई फरक पडत नाई."

"मले बी पडत नव्हता!" ज्योत्स्नाचा आवाज एकदम चढला. "म्हणूनच दर साली आपल्याच वाट्याले येते ते. मानते त्याले चांगली जागा, अन मानत नाई त्यानं दारात झोपाचं. हे कोणी ठरवलं, मावशी?"

चतुराबाईंचा चेहरा पडला. "मी बी आपलीच हाओ ना वो. दर जूनमधी इथं मायबाईंची भांडणं होतेत. आपल्या पोरी भीत नाईत, मंग मले सोपं जाये. खरं सांगू का, मले तं अभिमानच वाटे त्याईचा."

 तोच अभिमान ज्योत्स्नाने वर्षभर उशाशी घेतला होता. चतुराबाईंवर रागावणं तिला जमेना.

"जे पहिले आली तिनं पहिले घेतली," ती म्हणाली. "दीक्षा उठणार नाई."

पार्वताबाईंनी पौर्णिमाच्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली.

"चाल. घरी चाल."

"आई..."

"चाल म्हणते ना! एक पोरगी घालवून बसली मी." त्या ज्योत्स्नाकडे वळल्या. आता त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसता थरकाप होता. "माही रागिणी, बाई. आठव्या महिन्यात होती. हातपाय सुजले, डोकं दुखे म्हणे, अन एका राती झटके आले. लेकरू वाचलं, ते गेली. महाराजानं सांगतलं, खाट तुळईखाली होती म्हणून. मी पाह्यली होती बाई ते खाट. पाह्यली होती अन काईच बोलली नाई."

ज्योत्स्नाच्या मनाने लक्षणं जुळवली. सूज, डोकेदुखी, झटके. तुळईचा काय संबंध? रक्तदाब वाढला होता आणि तो कोणी मोजला नव्हता. उपकेंद्रात रोज ती हेच तर मोजत होती. ओठांवर आलेलं तिने गिळलं. सांगितलं असतं तर दोष तुळईवरून उठून या बाईच्याच डोक्यावर बसला असता, आणि तो तिथून जन्मभर हलला नसता.

तिने पौर्णिमाकडे पाहिलं. पोरगी अंगाने काटकुळी, मान खाली. नव्या बॅगेवरची दुकानातली चिठ्ठीही अजून निघाली नव्हती. आपल्या हट्टापायी ही परत गेली तर? ज्योत्स्नाला स्वतःचाच राग आला, आणि त्या रागाचाही राग आला. दर वेळी समजून आपणच घ्यायचं का? पण घेतलं नाही तर या पोरीचं शिक्षण बुडणार होतं. एका कॉटची किंमत एवढी मोठी कशी झाली?

"राहू द्या," ती अखेर म्हणाली. "राहू द्या ताई, झोपन दीक्षा तिथं..."

"घरी कुठं नेतं, आई?"

पौर्णिमा बोलली होती. आल्यापासूनचं तिचं हे पहिलंच धड वाक्य.

"म्हंजे?"

"बाबानं भाऊजीले जबान देली हाये. मी घरी आली का मले त्याच घरी देतीन, रागिणीताईचं लेकरू सांभाळाले. मले आयकू आलं होतं सगळं. अन तुले बी माहीत हाये." तिचा श्वास लागला होता, पण ती थांबली नाही. "त्या घरात खाट ठेवाले दुसरी जागा हाये का? सांग ना. जलमभर त्याच तुळईखाली झोपा लागन मले."

 पार्वताबाईंच्या हातातून बॅगेचा पट्टा सुटला. नवऱ्याच्या डोळ्याला डोळा न भिडवता, भावाकडे लग्नाला जाते म्हणून सांगून, त्यांनी पोरीला इथवर आणलं होतं, हे ज्योत्स्नाला पुढे कळलं. त्या क्षणी तिला एवढंच दिसलं की ही बाई एका तुळईपासून पळता पळता दुसरीशी येऊन उभी राहिली आहे.

पौर्णिमाने आपली गादी दाराजवळच्या कॉटवर टाकली. चपला काढल्या आणि सरळ आडवी झाली, हात पोटावर घेऊन, डोळे गच्च मिटून.

"ऊठ! ऊठ ना बाई!"

पार्वताबाई उंबरा ओलांडून धावल्या आणि त्यांनी तिचा घोटा धरला. ओढतील असं वाटलं, पण त्यांनी ओढलं नाही. त्या पायथ्याशी टेकल्या. घोटा तसाच मुठीत, आणि नजर वर, सिमेंटवर. आता काही कोसळेल, मग कोसळेल, अशा त्या बसून राहिल्या.

ज्योत्स्ना जिंकली होती म्हणायची. तिला अजिबात गोड वाटलं नाही. ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली, तुळईखालीच. किती तरी वर्षांनी ती इथे बसत होती, आणि आता तिला भीती नव्हती की अभिमानही नव्हता. शेजारची बाई थरथरत होती, तेवढं तिला जाणवत होतं.

पार्वताबाई तुळईवरची नजर न काढता बोलल्या. "रातच्याले दचकते हे. रागिणी गेल्यापासून. दचकली तं कोण उठवन इथं हिले?"

ज्योत्स्नाने काही सांगण्याआधीच दीक्षा उठली होती. तिने आपल्या कॉटची एक बाजू धरली आणि पार्वताबाईंकडे पाहिलं. "मी हाओ ना, मावशी. इकडे ओढून घेतो आमी."

ज्योत्स्ना दुसऱ्या बाजूला गेली. पार्वताबाईंनी पोरीचा पाय सोडला, पदर खोचला आणि मधोमध हात घातला. फरशीवर कर्कश आवाज करत कॉट भिंतीपासून सुटली. मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट उरल्यावर चतुराबाई म्हणाल्या, "बस, बस. झालं आता."

दीक्षाने हात काढले. पार्वताबाईंनी काढले नाहीत.

"अजून जवळ घ्या," त्या म्हणाल्या.

तिघींनी पुन्हा जोर लावला आणि लोखंडाला लोखंड भिडेपर्यंत कॉट ओढली.